जास्त चाललेली डिझेल गाडी कमी बजेटमध्ये घेताना काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: बजेट मर्यादित, रोजचा प्रवास बराच, म्हणून दोन-अडीच लाख किलोमीटर झालेली डिझेल गाडी घ्यायचा विचार आहे. इतकी चाललेली गाडी घ्यावी का, आणि घ्यायची तर काय बघून?

घ्यायला हरकत नाही. पण मीटरवरच्या आकड्याला फार महत्त्व देऊ नका. डिझेल इंजिन किती चाललं यापेक्षा ते कसं चाललं, त्यातलं ऑइल किती वेळा बदललं आणि या दोन्हींचा पुरावा आहे का, यावर पुढचं आयुष्य ठरतं. हिशेब करून बघा. एक गाडी हायवेवर सरासरी ६० च्या वेगाने ३ लाख किलोमीटर चालली, तर इंजिन ५,००० तास फिरलं. दुसरी शहरात सरासरी २० ने दीड लाख किलोमीटर चालली, तर तिचं इंजिन ७,५०० तास फिरलं. मीटर निम्मा, पण इंजिन दीडपट फिरलेलं. शिवाय शहरातल्या गाडीचं इंजिन दिवसातून पाच-सहा वेळा थंड सुरू झालेलं असतं, आणि झीज सगळ्यात जास्त तेव्हाच होते. क्लच, टर्बो, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व), गिअरबॉक्स यांचंही तसंच. म्हणून सलग लांब पल्ल्यावर चाललेली, एकाच मालकाची, बिलं जपून ठेवलेली ३ लाख किलोमीटरची गाडी मी दीड लाख किलोमीटरच्या कागद नसलेल्या गाडीपेक्षा नेहमी वर ठेवतो.

त्याआधी एक गोष्ट स्वतःला विचारा: तुमचा रोजचा प्रवास खरंच लांब आहे का? एका फेरीत इंजिन पूर्ण गरम होऊन त्यानंतर किमान पंधरा-वीस मिनिटं चालणार नसेल, तर डिझेल घेऊच नका. विशेषतः डीपीएफ असलेलं. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या मार्गात बसवलेली काजळी पकडणारी जाळी. ती भरली की इंजिन जास्तीचं डिझेल पाठवून तिचं तापमान साधारण ५५० ते ६०० अंशांपर्यंत नेतं आणि काजळी जाळून टाकतं. चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत हे काम अर्धवट राहतं, जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि शेवटी जाळीही जाते, बेअरिंगही जातं. अशा वापराला पेट्रोल गाडीच बरी.

दुसरी गोष्ट पैशांची. जेवढं बजेट आहे तेवढ्याची गाडी घेऊ नका. एक चतुर्थांश ते एक तृतीयांश रक्कम बाजूला ठेवा आणि उरलेल्यात गाडी शोधा. दोन लाख किलोमीटरच्या पुढे टायमिंग बेल्ट (व्हॉल्व ठरल्या वेळी उघडायला लावणारा पट्टा), क्लच-फ्लायव्हील, इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग), टर्बो आणि सस्पेन्शन यांपैकी दोन तरी कामं पहिल्या वर्षात निघतात. ती निघणार हे धरूनच चालायचं. याच कारणासाठी मोठ्या ब्रँडची, सहा सिलिंडरची, खूप स्वस्त झालेली गाडी कमी बजेटवाल्याने टाळावी. गाडीची किंमत उतरते, तिच्या पार्ट्सची उतरत नाही.

आता इंजिनाची जात. डिझेल गाड्यांत इंधन सिलिंडरमध्ये कसं सोडलं जातं यावरून तीन पिढ्या मानता येतील, आणि प्रत्येकीचं दुखणं वेगळं आहे. जुन्यांत रोटरी किंवा इनलाइन पंप असतो. पंप दाब तयार करतो, नोझल ठरावीक दाबाला उघडतं. यांना घाण डिझेल आणि दुर्लक्षसुद्धा बऱ्यापैकी सोसतं. पंप कॅलिब्रेट करता येतो, नोझल बदलता येतात. दुसरी पिढी युनिट इंजेक्टरची, म्हणजे फोक्सवॅगनची ‘पंप-ड्यूझ’ इंजिनं. यात प्रत्येक इंजेक्टरला कॅमशाफ्टच दाबतो आणि दाब २,००० बारपर्यंत जातो (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका). साहजिकच कॅमवर प्रचंड भार येतो. चुकीचं ऑइल वापरलेलं असेल तर कॅमचे लोब आणि टॅपेट घासून जातात. या इंजिनाला फोक्सवॅगनच्या ५०५.०१ किंवा त्याऐवजी कंपनीने मान्य केलेल्या मानकाचं ऑइल लागतं, आणि ऑइलच्या बिलावर तो आकडा दिसला पाहिजे. तिसरी पिढी कॉमन रेलची, जी १९९७ पासून कारमध्ये आली. पंप एका सामाईक नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाब धरून ठेवतो. सुरुवातीला तो १,३५० बारच्या आसपास होता, पुढे २,००० च्या वर गेला. इंजेक्टर कॉम्प्युटरच्या हुकमाने उघडतात. ही इंजिनं शांत आणि ताकदवान, पण पाणी किंवा कचरा असलेलं डिझेल यांना अजिबात चालत नाही.

कॉमन रेलमध्येही पंपापंपात फरक आहे. बॉशचे सीपी१ आणि सीपी३ पंप टिकाऊ निघाले. सीपी४ आतून झिजला की धातूचा कीस पुढे रेल आणि इंजेक्टरमध्ये जातो, आणि मग पंप, रेल, इंजेक्टर, पाइप, टाकीची सफाई असं सगळं एकत्र करावं लागतं. जुन्या गाडीत ते काम गाडीच्या किमतीच्या वर जाऊ शकतं. म्हणून गाडी बघायला जाण्याआधी इंजिनाचा कोड आणि पंपाचा प्रकार माहीत करून घ्या. त्याच मॉडेलमध्ये वर्षागणिक इंजिन बदललेलं असतं, त्यामुळे नुसत्या मॉडेलच्या नावावर भरवसा ठेवता येत नाही.

कागद बघताना सर्व्हिस बुकातल्या शिक्क्यांपेक्षा बिलांना मान द्या. बिलावर तारीख, किलोमीटर, पार्ट नंबर आणि ऑइलचं मानक असतं. त्यावरून दोन सर्व्हिसमधलं अंतर काढा. १०-१५ हजारांनी ऑइल बदललेलं असेल तर छान. ३० हजारांच्या ‘लाँग लाइफ’ हिशेबाने चाललेली गाडी दोन लाखांनंतर जरा जपूनच बघावी. मीटर मागे फिरवल्याची शंका आली तर पेडलचं रबर, स्टिअरिंगची कड, ड्रायव्हर सीटची दाराकडची बाजू बघाच, पण या वस्तू बदलता येतात. स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून माहिती वाचणारं यंत्र) मात्र इंजिन, एबीएस, गिअरबॉक्स अशा वेगवेगळ्या कॉम्प्युटरमध्ये किलोमीटर नोंदवलेले असतात. मीटर फिरवणारा सगळीकडे पोचतोच असं नाही. काही गाड्यांत इंजिनाचे एकूण तासही दिसतात. किलोमीटर भागिले तास केलं की सरासरी वेग मिळतो, आणि गाडी हायवेची की शहराची हे विक्रेत्याला न विचारता कळतं.

टायमिंग बेल्टचा नियम एकच: बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असं समजायचं. डिझेल इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व यांच्यात जागा फार थोडी असते. बेल्ट तुटला की व्हॉल्व वाकतात, कधी पिस्टनही फुटतो. रबर वयानेही कडक होतं, त्यामुळे कंपनीने दिलेली किलोमीटरची आणि वर्षांची अशा दोन मर्यादांपैकी जी आधी येईल ती धरा. बिलात नुसता बेल्ट नको; टेन्शनर, आयडलर आणि बेल्टवर चालणारा वॉटर पंपही दिसला पाहिजे. बेल्ट नवा, पण जुना वॉटर पंप जाम झाला तरी बेल्ट तुटतोच.

सगळ्यात जास्त माहिती थंड इंजिन देतं. विक्रेत्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, रात्रभर उभी असू द्या. गेल्यावर पहिल्यांदा बॉनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या होज पाइपला आणि इंजिनाला हात लावा. कोमट लागलं तर त्या दिवशी गाडी न बघताच परत फिरा. गाडी आधीच गरम करून ठेवण्याला सहसा कारण असतं.

सुरू करण्याआधी चार गोष्टी. डिपस्टिक काढा. डिझेलचं ऑइल बदलल्यानंतर काहीशे किलोमीटरमध्येच काळं होतं, त्यामुळे काळेपणाला घाबरू नका. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि वासाला डिझेल येत असेल तर मात्र थांबा: एकतर डीपीएफ नीट जळत नाही, नाहीतर इंजेक्टर किंवा पंपाच्या सीलमधून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. दुसरं, ऑइल भरायचं झाकण उघडून टॉर्चने आत बघा. डांबरासारखा थर दिसला तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही, मग बुकात काहीही लिहिलेलं असो. तिसरं, कूलंटच्या टाकीत तपकिरी गाळ किंवा तेलाची साय आहे का. चौथं, थंड गाडीचा होज पाइप दाबून बघा. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत पाइप फुगलेला, कडक लागला, तर सिलिंडरमधला दाब कूलंटमध्ये शिरतोय; हेड गॅस्केट किंवा हेडच (सिलिंडरवरचं झाकण) गेलेलं असू शकतं.

मग चावी ‘ऑन’ करा, सेल्फ मारू नका. इंजिन, ऑइल प्रेशर, एअरबॅग, हीटर प्लग (थंड सिलिंडर गरम करणारा प्लग) असे सगळे दिवे लागले पाहिजेत. जो लागतच नाही तो कोणीतरी काढून ठेवलाय. हीटरचा दिवा विझल्यावर सेल्फ मारा. चांगलं इंजिन एक-दोन सेकंदांत पकडतं. सेल्फ जोरात फिरूनही पाच-सहा सेकंद लागत असतील तर कारणं चार: हीटर प्लग मेलेले, पाइपात हवा शिरून डिझेल टाकीकडे परतलेलं, इंजेक्टर जास्त गळत असल्यामुळे रेलमध्ये दाब बनत नाही, किंवा कॉम्प्रेशनच (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर) कमी. सेल्फ रेंगाळत फिरत असेल तर आधी बॅटरी तपासा. कॉमन रेल इंजिनाला सुरू व्हायला रेलमध्ये साधारण २०० बारच्या वर दाब लागतो आणि तो सेल्फच्या वेगावर अवलंबून असतो.

सुरू झाल्यावर पहिला अर्धा मिनिट सायलेन्सरपाशी थांबा. थंडीत थोडा पांढरा धूर येऊन जाणं ठीक आहे. इंजिन एका पायावर लंगडल्यासारखं थरथरत असेल आणि डोळे चुरचुरवणारा पांढरा धूर येत असेल, तर एका सिलिंडरमध्ये डिझेल पेट घेत नाही. हीटर प्लग की कॉम्प्रेशन, हे मल्टिमीटरने ठरतं: प्लगची वायर काढून प्लग आणि बॉडी यांतला रेझिस्टन्स मोजा. बारा व्होल्टचा धातूचा चांगला प्लग एक-दीड ओमच्या आत दाखवतो; मेलेला काहीच दाखवत नाही. सगळे प्लग चांगले असूनही लंगडत असेल तर दुखणं महागडं आहे. प्लग मेलेला निघाला तरी लगेच हुरळून जाऊ नका. जुन्या हेडमध्ये प्लग जाम बसलेले असतात आणि काढताना तुटतात. तुटलेला काढायला कधी हेड उतरावं लागतं. गरम इंजिनावर, आदल्या दिवशी भेदक तेल सोडून, हलक्या हाताने काढायचं हे काम आहे.

निळा धूर ऑइलचा. गाडी तीन-चार मिनिटं आयडलला ठेवून मग एकदम ॲक्सिलरेटर दाबला आणि निळा लोट आला, तर टर्बोचं सील किंवा व्हॉल्व सील. सतत निळा येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. जोर लावल्यावरचा काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी: इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप फाटलेला, ईजीआर उघडा अडकलेला, एअर फिल्टर चोंदलेला, टर्बो मंद, किंवा नोझल थेंब सोडतंय. काळ्या धुराची बहुतेक कारणं स्वस्तात सुटतात, निळ्याची सहसा नाही.

इंजिन कोमट झालं की ऑइलचं झाकण उघडून त्याच तोंडावर उलटं ठेवा. झाकण थोडं नाचलं, मंद झुळूक लागली तर ठीक. झाकण उडून पडलं, डिपस्टिकच्या नळीतून धुराचे झोत येऊ लागले, तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय: रिंगा आणि सिलिंडर झिजलेत. इथे एक काळजी घ्या. ब्रीदरची (इंजिनातला साचलेला गॅस बाहेर काढणारी) नळी किंवा तिचा व्हॉल्व चोंदला तरी असाच दाब दिसतो, म्हणून ब्रीदर मोकळा आहे हे बघूनच निकाल द्या.

पक्कं उत्तर हवं असेल तर कॉम्प्रेशन मोजा. हीटर प्लगच्या भोकातून डिझेलचा गेज लावला जातो. फोक्सवॅगनच्या १.९ टीडीआयला नव्यात २५ ते ३१ बार आणि झिजलेल्याची मर्यादा १९ बार दिलेली आहे. सिलिंडरांमधला फरक ५ बारच्या वर नको. इतर इंजिनांचे आकडे थोडे वेगळे, पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधली समानता महत्त्वाची. विक्रेता प्लग काढू देत नसेल तर दुसरा मार्ग आहे: इंजेक्टर बंद ठेवून सेल्फ मारायचा आणि बॅटरीच्या केबलवर क्लॅम्प लावून ऑसिलोस्कोपवर करंटच्या लाटा बघायच्या. प्रत्येक सिलिंडर दाबला जाताना एक उंचवटा येतो. एक उंचवटा बुटका दिसला की तो सिलिंडर कमजोर. पाना न लावता पाच मिनिटांत काम होतं.

स्कॅनर लावल्यावर बहुतेक जण फक्त फॉल्ट कोड बघतात. आधी ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ बघा. ते वीस-तीस किलोमीटर असेल तर तुम्ही यायच्या आधी कोणीतरी कोड पुसलेत. अशा गाडीची लांब टेस्ट ड्राइव्ह घेतल्याशिवाय बोलूच नका. मग गरम इंजिनावर, आयडलला, इंजेक्टर करेक्शनचे आकडे घ्या. प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल कमी-जास्त द्यावं लागतंय ते यात दिसतं. मिलिग्रॅम प्रति स्ट्रोक या मापात ते अधिक-उणे १ च्या आत असतील तर उत्तम, ३ च्या आसपास पोचलेला सिलिंडर संशयित. रेल प्रेशर आयडलला साधारण २५० ते ३५० बार असतं. मागितलेला आणि मिळालेला दाब जवळजवळ सारखा हवा आणि काटा नाचता कामा नये. शंका राहिली तर इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून इंजिन काही मिनिटं चालवा. एक बाटली इतरांच्या दुप्पट भरली तर तो इंजेक्टर आतून गळतोय.

डीपीएफ असेल तर काजळीची पातळी, राखेची पातळी आणि दोन जाळण्यांमधलं अंतर बघा. हायवेवर चालणाऱ्या गाडीत हे अंतर काहीशे किलोमीटर असतं. दर शंभर-दीडशेला जळत असेल तर जाळी राखेने भरत आलीय किंवा इंजिन जास्त काजळी करतंय. काजळी जळून जाते, राख मात्र जळत नाही. ती जाळी उतरवून धुऊनच काढावी लागते. आणि एक सोपी तपासणी: सायलेन्सरच्या नळीच्या आत बोट फिरवा. डीपीएफ शाबूत असलेल्या गाडीत बोट जवळजवळ स्वच्छ राहतं. काळं कुळकुळीत झालं तर जाळी फुटलेली आहे किंवा आतून काढून टाकलीय. काढलेल्या जाळीची गाडी कित्येक देशांत उत्सर्जन चाचणीत नापास होते, ती परत बसवायची तर खर्च तुमच्याच माथी येतो.

इंजेक्टरच्या बुडाशी कान द्या आणि नाकही. तिथल्या तांब्याच्या वॉशरमधून गॅस निसटू लागला की थंड इंजिनावर ‘चफ-चफ’ आवाज येतो, आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा कोळसा जमतो. वेळीच वॉशर बदलला आणि सीट घासून घेतली तर किरकोळ काम. राहून गेलं तर इंजेक्टर हेडमध्ये चिकटून बसतो. टोयोटाच्या १केडी इंजिनात, तसंच प्यूजो-फोर्डच्या १.६ एचडीआयमध्ये ही गळती आणखी घातक ठरते, कारण काजळी ऑइलमध्ये मिसळते. मग १केडीत ऑइलची जाळी चोंदून बेअरिंग जातात, आणि १.६ एचडीआयमध्ये टर्बोच्या ऑइल पाइपातली बारीक गाळणी भरून टर्बो जातो. १.६ एचडीआयमध्ये नुसता टर्बो बदलला आणि पाइप, गाळणी, संप (इंजिनाखालचं ऑइलचं पात्र) साफ केले नाहीत, तर नवा टर्बोही थोड्याच दिवसांत जातो. ‘टर्बो नुकताच नवा टाकलाय’ असं विक्रेता अभिमानाने सांगत असेल तर तो का टाकावा लागला, हे आधी विचारा.

टेस्ट ड्राइव्ह किमान २०-३० किलोमीटरची हवी आणि त्यात एक चढ हवा. तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवरून पूर्ण दाब द्या. दोन हजारांच्या आसपास टर्बोची ओढ एकसंध जाणवली पाहिजे. बारीक शिट्टी ठीक, सायरनसारखा आवाज वाईट. चढावर सलग जोर दिल्यावर अचानक ताकद गेली आणि इंजिन बंद करून सुरू केल्यावर परत आली, तर बहुधा टर्बोच्या फिरत्या पात्या काजळीने अडकतात किंवा व्हॅक्युमची नळी फुटलीय. नळीचं काम चिल्लर, पात्यांचं मध्यम. टर्बोच्या तोंडावरचा पाइप काढता आला तर चाक बोटाने हलवून बघा: आडवं किंचित हलणं चालतं, पुढे-मागे हलणं चालत नाही, आणि पात्या कवचाला घासलेल्या दिसल्या तर टर्बो संपलाय. इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा पातळ थर नेहमीचाच. तिथे ऑइल साचलेलं असेल तर ती गाडी जोरात चालवूही नका. टर्बोतून आलेलं ऑइलच इंधन समजून डिझेल इंजिन भरकटू शकतं, आणि मग चावी काढूनही ते बंद होत नाही. तशी वेळ आली तर ब्रेक घट्ट दाबून, वरच्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडायचा. इंजिन गुदमरून बंद पडतं.

क्लचसाठी चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवर पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएम चढले पण वेग चढला नाही तर प्लेट सरकतेय. डिझेलमध्ये क्लचसोबत ड्युअल मास फ्लायव्हीलचाही (धक्के शोषणारं दोन भागांचं फ्लायव्हील) विचार करावा लागतो. न्यूट्रलमध्ये आयडलला खडखड, इंजिन बंद करताना धडधड करून थांबणं, पहिल्या गिअरमध्ये उठताना धक्के, ही त्याची लक्षणं. क्लच दाबल्यावर बंद होणारा गुरगुराट मात्र गिअरबॉक्सच्या इनपुट बेअरिंगचाही असू शकतो. फ्लायव्हील गेलेलं असेल तर क्लचचा पूर्ण संच आणि फ्लायव्हील मिळून किंमत काढा आणि ती गाडीच्या भावातून वजा करा. ऑटोमॅटिक असेल तर ऑइल बदलल्याचं बिल मागा. ‘आयुष्यभर बदलायची गरज नाही’ हे वाक्य दोन लाखांच्या पुढच्या गिअरबॉक्सला लागू होत नाही. कमी बजेटमध्ये मी मॅन्युअलच सुचवेन.

ड्राइव्ह संपली की गाडी बंद करून दहा मिनिटं थांबा आणि परत सुरू करा. ही गरम सुरुवात फार थोडे लोक तपासतात. गरम डिझेल पातळ असतं. रोटरी पंपाचं हेड झिजलेलं असेल किंवा कॉमन रेलचे इंजेक्टर गळत असतील तर ते फटीतून निसटतं, आणि सकाळी झटकन सुरू झालेली गाडी दुपारी सेल्फ खात बसते.

गाडीखाली जाऊन गंज बघा: दाराखालच्या सिल, सस्पेन्शन जिथे बसतं ती जागा, सबफ्रेम, ब्रेकचे पाइप. इंजिन दुरुस्त होतं, कुजलेला सांगाडा परवडत नाही. डिझेल इंजिन जड असल्यामुळे पुढचे बुश, बॉल जॉइंट आणि इंजिन माउंट झिजलेले असणारच. ते भाव कमी करायला वापरा. चॅसिस नंबर कागदांशी जुळतो का आणि गाडीवर कर्जाचा बोजा नाही ना, हे पैसे देण्याआधी.

इंजिनांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. रोटरी पंपाचं फोक्सवॅगन १.९ टीडीआय, प्यूजोचं आठ व्हॉल्वचं २.० एचडीआय, फियाटचं आठ व्हॉल्वचं १.९ जेटीडी, मर्सिडीजची ओएम६०२ ते ६०६ ही इंजिनं नीट ठेवली तर चार लाख किलोमीटरचीही भीती नको. मर्सिडीजच्या बाबतीत पत्रा आधी जातो, इंजिन मागे उरतं. फियाटचं १.३ मल्टिजेट, जे कितीतरी कंपन्यांनी वापरलं, चांगलं आहे, पण त्यात ऑइल तीन लिटरच्या आसपासच मावतं. त्यामुळे पातळी खाली गेली किंवा बदलायला उशीर झाला की टायमिंग चेन (बेल्टऐवजी असलेली साखळी) ढिली पडते. थंड सुरुवातीला दोन-तीन सेकंद चेनची खरखर येते का ऐका. रेनोचं १.५ डीसीआय अॅव्हरेजला उत्तम, पण लांबवलेल्या ऑइल बदलांमुळे त्याचे कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग जातात. हे बेअरिंग संप उतरवून खालूनच बदलता येतात, आणि दीड-दोन लाखांवर ते आधीच बदलून घेणं शहाणपणाचं. फोक्सवॅगनच्या २.० पंप-ड्यूझ इंजिनांपैकी बॅलन्सर शाफ्ट असलेल्या काहींत ऑइल पंप फिरवणारी षटकोनी दांडी गोल होऊन ऑइल प्रेशर एकदम जातं. ते काम झाल्याचं बिल असेल तरच घ्या. बीएमडब्ल्यूच्या एन४७ मध्ये टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. तिचं काम मोठं आहे, म्हणून चेन बदलल्याचा पुरावा नसलेली २००७ ते २०११ ची गाडी या बजेटमध्ये नकोच. त्यांच्याच जुन्या एम५७ मध्ये इनटेकमधल्या स्वर्ल फ्लॅपचा (हवेला भोवरा देणाऱ्या झडपेचा) तुकडा सिलिंडरमध्ये पडण्याचा धोका आहे. फ्लॅप काढून त्या जागा बंद केल्यात का ते विचारा.

गाडी घेतल्यावर लगेच इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला. बेल्टचं बिल नसेल तर बेल्टचा संचही याच आठवड्यात. डीपीएफ असेल तर कमी राखेचं, कंपनीने सांगितलेल्या मानकाचंच ऑइल. डिझेल फिल्टर बदलताना हँड पंपाने किंवा टाकीतल्या इलेक्ट्रिक पंपाने डिझेल भरून घ्या आणि मगच सेल्फ मारा. हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं. कोरडा फिरवला की तो झिजतो. जुना फिल्टर फेकून देऊ नका. त्यातलं डिझेल स्वच्छ भांड्यात ओता, तळाला पाणी दिसतं का बघा आणि भांड्याखालून लोहचुंबक फिरवा. चकाकणारा कीस गोळा झाला तर पंप झिजतोय हे इंजेक्टर जाण्याआधी कळतं. हवा काढायची म्हणून कॉमन रेलच्या इंजेक्टरचे पाइप मात्र कधीही इंजिन चालू असताना सैल करू नका. त्या दाबाची डिझेलची धार कातडीतून आत शिरते, आणि तशी जखम लहान दिसली तरी लगेच शस्त्रक्रियेची असते.

झाकणाखाली गाळाचा थर असलेली गाडी घेतलीच असेल तर तीव्र फ्लशिंग द्रव टाकू नका. सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. त्याऐवजी चांगलं ऑइल ३,००० किलोमीटरवर एकदा, मग ५,००० वर एकदा बदला, आणि त्यानंतर १०,००० चा क्रम ठेवा. पहिल्या हजार किलोमीटरमध्ये दर दोनशे-तीनशेला सपाट जागेवर, थंड इंजिनावर डिपस्टिक बघून पातळी लिहून ठेवा. हजारात पाव लिटर खाल्लं तर काळजी नको. अर्ध्या लिटरच्या वर गेलं तर आधी टर्बोचे पाइप उघडा, मग ब्रीदर साफ करा, आणि तरीही पातळी उतरत राहिली तरच रिंगांचं काम काढा.